सातव्या मुलाचा रुमाल

रविवारची प्रार्थना संपली, पण चर्चमधून कोणी घरी गेलं नाही. सगळं किलबारा गाव शेजारच्या सभागृहात लोटलं. खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं, दारात माणसं. चहा उकळून उकळून काढा झाला तरी तो ओतायची कोणाला शुद्ध नव्हती.

मंचावर लोर्कन उभा होता. सातव्या मुलाचा सातवा मुलगा! आमच्या आयर्लंडात अशा माणसाच्या हाताला गुण असतो म्हणतात. आजवर अशांच्या हातून नागीण उतरायची, मुरगळलेला पाय बसायचा. लोर्कनने मात्र आटलेले डोळे वाहते करायचं काम हाती घेतलं होतं.

समोरच्या खुर्चीत नुआला बसली होती. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या.

"मेलेल्या माणसासाठी ढाळायचे अश्रू हे त्याचं देणं असतं, बाई!" लोर्कन गरजला. "ते दिलं नाही की आत गोठतं, त्याचे खडे होतात, आणि मग खुपतं! खुपतं ना?"

"खुपतं," नुआला पुटपुटली.

त्याने पांढऱ्या रुमालाने तिच्या डोळ्यांखाली हळूच पुसलं आणि मालाकीचं नाव घेतलं. बघता बघता तिच्या गालांवरून धारा लागल्या. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "दुसऱ्यांदा सुटला झरा!" कोणीतरी ओरडलं.

मालाकी म्हणजे नुआलाचा नवरा. उन्हाळ्यात जेवता जेवता गेला. दफनाच्या दिवशी नुआला काठीसारखी ताठ उभी होती, डोळ्यांत टिपूस नाही. "माझा भाऊ गेला, आणि ही बाई आहे की दगड?" तिची नणंद पेग सगळ्यांदेखत म्हणाली, आणि गावाने ते घरोघर पोहोचवलं.

हिवाळ्यात नुआलाचे डोळे बिघडले. वाळू गेल्यासारखे टोचायचे, सकाळी पापण्या उघडवत नसत. ती फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. समोरून दिवे आले की सगळं धूसर व्हायचं, पुस्तकाचं एक पान वाचून होईना. गाडी अंगणात उभी राहिली.

"मी रडले नाही, म्हणून देवानं पाणीच तोडलं," ती माझ्या स्वयंपाकघरात म्हणाली. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टर ग्रान्याकडे नेलं. थेंब मिळाले, बरं वाटू लागलं होतं. पण लोर्कनने पहिल्या भेटीतच थेंब फेकायला लावले. "बाटलीतले खोटे अश्रू!" म्हणे. त्यानंतर डोळे असे पेटले की मी ग्रान्याला सभागृहात बोलावूनच आणलं.

ती सरळ मंचावर चढली. "शिंक येतेय हो, जरा रुमाल," म्हणाली, आणि त्याने हात मागे घ्यायच्या आत रुमाल ओढून स्वतःच्या डोळ्यांखाली फिरवला. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"बघा! माझं कोणी मेलेलं नाही," ती नाक ओढत म्हणाली, "आणि मी तर आईबापांची एकुलती एक!"

सभागृह हसलं. तिने रुमाल पहिल्या रांगेत फिरवला. "वास घ्या. पुदिन्याचा अर्क आणि कापूर. नाटकातले नट हेच लावून रडतात. कोरडा डोळासुद्धा झोंबलं की वाहतो, वाऱ्यात वाहतो तसा. पण ते पाणी टिकत नाही, आणि या अर्काने डोळ्यांची आग आणखी वाढते."

"अश्रद्ध बाई!" लोर्कन ओरडला.

"मग साबणानं हात धुवा आणि रुमालाशिवाय पाणी आणून दाखवा."

लोर्कन कोट शोधू लागला.

ग्रान्या लोकांकडे वळली. "संध्याकाळी वाचताना कोणाचे डोळे चुरचुरतात? वाळू गेल्यासारखं होतं? हात वर करा."

एक हात, चार हात, मग जवळजवळ अर्धं सभागृह. त्यात पेगचाही हात होता.

"पेगबाई, तुम्ही भावासाठी रडला नव्हतात का?"

"धाय मोकलून रडले होते!"

"मग तुमचे डोळे का कोरडे?"

पेगचा हात हळूहळू खाली आला. ती नुआलाकडे पाहू शकली नाही.

"वय होतं, डोळ्यातल्या पाण्यावरचा तेलाचा पातळ थर बिघडतो, पाणी उडून जातं," ग्रान्या म्हणाली. "घरोघरचा आजार आहे. शाप नाही."

"पण डॉक्टर," नुआलाने विचारलं, "मी रडले का नाही?"

"धक्क्यानं माणूस सुन्न होतं, नुआला. त्याला माझ्याकडे थेंब नाहीत. आणि त्याच्याकडे तर काहीच नव्हतं."

त्या दुपारी पेग नुआलाच्या दारात उभी राहिली. "मी त्या दिवशी बोलले ते..." नुआलाने तिला आत घेतलं, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही. पेगने ग्रान्याने दिलेले नवे थेंब तिच्या डोळ्यांत घातले. निम्मे गालावर सांडले. आता ती रोज येते.

डोळे खुपले तर डॉक्टर गाठा. जो औषध फेकायला सांगतो, त्याचे हात आधी धुवायला लावा. आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी किती, हे मोजणं सोडा. लोर्कन बाहेरून आला होता खरा. पण नुआला दोषी आहे हे त्याला आमच्याच गावाने सांगितलं होतं.