पुकारा

"सब्रियेऽ! राशितची मुलगी सब्रियेऽऽ!"

किती हिवाळे वितळून गेले, पण केमाह तालुक्याच्या कोर्टातल्या पट्टेवाल्याचा तो पुकारा गुलसुमच्या कानातून निघाला नव्हता. त्या दिवशी सब्रिये नावाची तिची मुलगी तिच्या शेजारीच बाकावर बसलेली होती. तरी पुकारा झाला तेव्हा गुलसुमची मान वळली ती जिन्याकडे. जणू खालून कुणी छोटंसं धावत, धापा टाकत वर येणार होतं.

आत्ताही तिने मान वळवली. दारात कुणी नव्हतं. ओट्यावर वाळत घातलेली तुतीच्या रसाची पोळी तेवढी वाऱ्याने हलत होती.

समोर नुरजान बसली होती, मांडीवर कोर्टाच्या नकला घेऊन. ती एलवानवर पुस्तक लिहीत होती. एलवान म्हणजे गुलसुमची लेक. तिची गाणी लागली नाहीत असं एकही लग्न या मुलखात होत नसे. नकला काढायला एलवाननेच सही करून दिली होती.

गुलसुमने दगडाने अक्रोड फोडला. कवच आणि गर, दोन्हींचा भुगा झाला.

"मावशी, राग माझ्यावर काढा. अक्रोडाने काय घोडं मारलंय?"

"राग कसला? हात म्हातारे झालेत. चहा घे, गार होतोय."

नुरजानने घोट घेतला आणि हळूच कागद उलटला.

"एलवानताईंनी नाव बदललं हे सगळ्यांना माहीत आहे. पण नावाच्या आधी एक दावा आहे. त्या अठरा वर्षांच्या असतानाचा. त्यात त्या म्हणतात, सब्रिये ही माझी मोठी बहीण. ती तान्हेपणी वारली. आईवडिलांनी तिची नोंद रद्दच केली नाही, पुढे मी झाले तेव्हा तिचंच ओळखपत्र मला दिलं. म्हणून मी कागदावर तीन वर्षांनी थोरली दिसते."

"आमच्याकडे असंच करायचे," गुलसुम म्हणाली. "बर्फात वाट बंद. मेल्याचं कळवायला कोण जाणार, जन्मल्याचं कळवायला कोण जाणार?" आणि आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन तिने ओठ मिटले. "म्हणजे, लोक करायचे."

नुरजानने बोट एका ओळीवर ठेवलं, पण वाचून दाखवलं नाही. गुलसुमला वाचता येत नव्हतं. तरी तिथे काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं. 'आईने शपथेवर सांगितले की ही माझी सब्रियेच. हिच्याआधी मला मूल झालेले नाही.' दावा फेटाळला गेला होता.

मग गाणी गाजली, आणि त्या दाव्याची चेष्टाही गाजली. गवयणींचं वय कोर्टात धुवायला टाकतात, गालिच्यासारखं, असं गावातला वाणी गुलसुमच्या तोंडावर म्हणायचा. आणि साखर बांधून देता देता पुढे जोडायचा, "राग मानू नका हं, आजी. एवढी मोठी लेक आहे तुमची. थोडंफार खोटं चालायचंच."

खोटं. ती साखर घेऊन गुमान घरी यायची.

त्या पहिल्या दाव्याच्या दिवशी कोर्टातून परतताना बसमध्ये लेक एक शब्द बोलली नव्हती. तिने तिळाची कडबोळी घेतली होती. ती मोडून अर्धी आईच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रागावली असती तर गुलसुमला बरं वाटलं असतं. ती अर्धी कडबोळी तिने घरी आणून फळीवर ठेवली. खाल्लीही नाही, टाकलीही नाही.

"दुसऱ्या दाव्यात त्यांनी एलवान नाव घेतलं," नुरजान म्हणाली. "ते सरळ मिळालं. आणि हा तिसरा, मावशी. गेल्या हिवाळ्यातला."

"तिसरा कुठला? मला कुणी बोललं नाही."

"यात त्यांनी सब्रिये नाव परत मागितलंय. एलवान सब्रिये असं. वयाबद्दल चकार शब्द नाही. जज्जसाहेबांनी विचारलं, बाई, जे नाव टाकलंत ते परत कशाला? त्यावर त्या म्हणाल्या," नुरजानचा आवाज उतरला, "ते नाव माझ्या आईचं आहे. तिने ते मला सांभाळायला दिलं होतं. मी ते टाकलं, त्या रात्री ती जेवली नाही."

गुलसुमच्या हातातला दगड मांडीवर आला.

"तिला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं कुणाचं आहे?"

'बर्फा बर्फा हळू पड, वाट थोडी राख रे, खाली निजली सोनी माझी, पाय जपून टाक रे.' लोक त्याला अंगाई म्हणत. गुलसुम ते तंदूरशी गुणगुणायची, भाकरी थापताना, धुराच्या निमित्ताने डोळे पुसत. तेव्हा एक छोटी पोर पाठीला टेकून बसलेली असायची.

"मी खरं सांगून अंगठा उठवला असता ना पोरी," गुलसुम खालच्या आवाजात म्हणाली, "तर तो कारकून तिच्या नावावर तांबडी रेघ ओढणार होता. माझ्यासमोर. टाक टेकवूनच बसला होता तो. मी एकीला वाचवायला गेले आणि दुसरीला खोटी पाडली. कबरीवर दगडसुद्धा नाही तिच्या. नाव कुठून घालणार? नाव तर घरात हुंदडत होतं." तिने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. "आणि हिला मी एकदाही नावाने हाक मारली नाही. पोरी म्हटलं, बाई म्हटलं. सब्रिये म्हणवेना, आणि एलवान म्हटलं तर त्या थोरलीला हाकलून दिल्यासारखं व्हायचं."

नुरजानने कागद मिटले. "मावशी, हे पुस्तकात यायलाच हवं असं नाही. त्यांनी बजावलंय, आईवर जबरदस्ती नको."

"फोन लाव."

"आत्ता? त्यांची तालीम चालू असेल."

"लाव म्हणते ना."

घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग मागे साझ या वाद्याच्या तारा, कुणाचं तरी हसणं, आणि घाईतला तो आवाज, जो आख्खा मुलूख ओळखायचा.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

गुलसुमने फोन दोन्ही हातांत धरला, पाखरू धरावं तसा. तिची मान पुन्हा दाराकडे वळू लागली होती. तिने ती वळू दिली नाही.

"एलवान," ती म्हणाली. पलीकडच्या तारा थांबल्या. "एलवान, तुला एक बहीण होती."