सोळा पानं कमी

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती पुस्तकं बांधायची. नवी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, जाड पुठ्ठ्यात बसवायची. हाताला सदा खळ लागलेली, म्हणून सगळे तिला खळवाली म्हणत. वाचकमंडळाचे अध्यक्ष तिचे थोरले दीर, निवृत्त प्राध्यापक. त्यांना घरचेसुद्धा सर म्हणत.

त्या वर्षी मंडळानं एका मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीतल्या पाच कादंबऱ्या वाचायला घेतल्या. पहिली खळवालीनं बांधता बांधताच वाचून काढली होती. बैठकीत ती दाराशी उभी राहून म्हणाली, "मधे जरा रेंगाळते. पण त्या आजारी बापाचं वाचताना माझी बस चुकली."

सर हसले. "पुस्तक शिवणं वेगळं, वाचणं वेगळं. ज्याचं काम त्यानं करावं."

सगळे हसले. ग्रंथपालबाईही हसल्या, आणि त्या तर रोज हिच्या डब्यात हात घालायच्या. ते हसणं खळवालीच्या जिव्हारी लागलं. थांबा, दाखवतेच तुम्हाला, ती मनाशी म्हणाली.

तिसरी कादंबरी चांगली जाडजूड. वाचायच्या आधीच सर तिला यादीतला हिरा म्हणायला लागले होते. ती बांधायला आली तेव्हा खळवालीनं मधली सोळा पानं काढून कपाटात ठेवली. त्याच पानांत नायिकेचा भाऊ मरतो. पान एकशे शहात्तरनंतर थेट एकशे त्र्याण्णव. शिवण अशी सफाईदार की बोट फिरवूनही कळू नये.

प्रत एकच होती, ती आधी सरांकडे गेली. "दोन दिवसांत संपवली," त्यांनी फोनवर सांगितलं. पानांबद्दल चकार शब्द नाही. खळवालीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

आठवड्यानं भरदुपारी जाऊबाई मागच्या खोलीत आल्या. चेहरा पार उतरलेला.

"मला डॉक्टरांकडे नेशील? यांना कळू देऊ नकोस."

"काय झालं ताई?"

"वाचलेलं डोक्यात राहत नाही गं. यांचं झाल्यावर ते पुस्तक मी घेतलं. त्यात सगळे त्या भावासाठी रडतायत आणि तो कधी गेला तेच मला आठवत नाही. तीनदा वाचलं. यांना विचारलं, तर म्हणाले, तुझ्या डोक्यावरून जाणार. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं."

खळवालीच्या हातातली सुई थांबली. नेम धरला एकावर आणि लागलं भलत्यालाच. तिनं कपाटातून पानं काढली. "तुमचं डोकं शाबूत आहे, ताई. ही मीच काढली."

जाऊबाईंनी ती सोळाही पानं उभ्या उभ्या वाचली. वाचता वाचता रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे यांनी वाचलंच नाही?"

"चाळलं असेल."

"चाळीस वर्षं ऐकून घेतेय मी. दे ती पानं. तू गप्प बस, मी बोलते."

बैठकीत सर वीस मिनिटं बोलले. रचना, मौन, काळाचे पदर. बैठकीला कधीच न येणाऱ्या जाऊबाईंनी मागच्या खुर्चीवरून विचारलं, "अहो, तो भाऊ कशानं गेला?"

सरांच्या कपाळाला आठी पडली. "आजारानं. लेखकानं ते नुसतं सुचवलंय. तुला नाही कळायचं."

"बुडून गेला. बहिणीच्या डोळ्यांदेखत." त्यांनी पानं टेबलावर ठेवली. "ही आपल्या प्रतीत नव्हती. तरी तुमचं काही अडलं नाही."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्यांचाच बांध फुटला.

"हे कुणी केलं?" सरांचे कान लालबुंद झाले होते.

"मी," खळवाली म्हणाली. "मला शिवता येतं तेवढंच."

तिला लेखी ताकीद मिळाली. पुस्तक तिनं मुकाट्यानं पुन्हा बांधून दिलं. जाऊबाईंनी धास्तीत काढलेल्या दिवसांचं तिला फार वाईट वाटत राहिलं. सरांचं तिळमात्र नाही. त्यांनी मंडळ सोडलं, तिच्याशी अबोला धरला. तो अबोला तिला भलताच मानवला.

जाऊबाई मात्र बैठकीला येऊ लागल्या. चौथी कादंबरी त्यांनी चाळीस पानांवर मिटली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "जीव विटला बाई माझा." खळवालीला नेमकी तीच सगळ्यात आवडली होती. दोघी त्यावरून तासभर कडाकडा भांडल्या.