उस्ताद तुहामीची दहा बोटं

बूश्ताला सात वेळा व्हिसा नाकारला गेला होता, आणि म्हणूनच अख्ख्या गल्लीत व्हिसाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. ज्यांना व्हिसा मिळाला ते निघून गेले. ते कशाला सल्ले द्यायला थांबतील? मागे उरला तो बूश्ता. सातही नकारपत्रं त्यानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावून ठेवली होती, आणि प्रत्येकातून काय शिकायचं ते तो बोट ठेवून सांगे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण फेझच्या जुन्या शहरात कोरड्या पाषाणालाही चहा पाजतात, आणि बूश्ताला तो रोज चार घरी मिळे.

त्यामुळे उस्ताद तुहामीला परदेशातून पत्र आलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, झहोरनं, आधी आपल्या या धाकट्या भावाला बोलावणं धाडलं.

पत्र समुद्रापलीकडच्या एका म्युझियमचं होतं. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या कुणा शौकीन साहेबानं फेझमधल्या एका हवेलीचं नक्षीदार छत विकत घेतलं, करवतीनं कापलं, पेट्यांत भरलं आणि बोटीवर चढवून नेलं. ते प्लास्टरचं छत कोरलं होतं तुहामीच्या आजोबांनी. आता त्याचा एक कोपरा ढासळला होता. तुकड्यांमध्ये एक विचित्र आकृती सापडत होती, अर्धचंद्र आणि खाली लोंबणारे दोन थेंब, आणि ती कुठल्याच जुन्या नमुन्यात बसत नव्हती. तिकडच्या तज्ज्ञांचं मत पडलं की मधला तिसरा थेंब गळून पडला असावा. तो बसवायचा कसा, यावर त्यांची दोन वर्षं बैठका घेण्यात गेली होती. शेवटी कुणीतरी सुचवलं की कोरणाऱ्याच्या घराण्यात कुणी आहे का ते बघा.

पत्र वाचून तुहामीनं ते झहोरच्या हातात दिलं. तिसरा थेंब मुळी नव्हताच. आजीच्या कानातल्या डुलाचा मधला थेंब लग्नाच्या वरातीतच हरवला होता, आणि आजोबांनी तो तुटका डूल जसाच्या तसा त्या श्रीमंताच्या छतात कोरून ठेवला होता. ही गोष्ट आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले, आणि गल्ली ते मरेपर्यंत त्यांना हसत राहिली. पुढे तुहामीलाही हसली. ते डूल आता झहोरच्या कानात होते.

"पत्रात काय, कुणीही काहीही लिहील," झहोर म्हणाली. "डोळ्यांनी बघून या, मग मी मानीन. तीस वर्षं हे तुटकं कानातलं घालून मिरवतेय मी, तुमच्या आजोबांच्या थापेसाठी."

"थाप नाही ती."

"मग बघून या ना!"

तुहामीचं वय त्रेसष्ट. आयुष्यात परदेशी जावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. आता एवढंच वाटत होतं की मरायच्या आधी एकदा त्या छताखाली उभं राहावं आणि आजोबांच्या हातचं काम आपल्या हातानं दुरुस्त करावं. पंधरा दिवसांचं काम होतं.

बूश्तानं अर्ज समोर ओढला. "दाजी, पहिली गोष्ट. फोटोत हसायचं नाही. हसणारा माणूस पळून जाणार असं त्यांना वाटतं."

"आणि रडका चेहरा केला तर?"

"मग इथं दुःखात आहे, म्हणजे पळणारच. मधला चेहरा ठेवा. पासपोर्टमधल्या मुडद्यासारखा."

"दुसरी गोष्ट?"

"बघायची इच्छा आहे असं चुकूनही म्हणू नका. ज्याला बघायचंय तो राहतो. 'नाइलाजानं जावं लागतंय' असं म्हणा."

"अरे, पण नाइलाज कुठंय? मला जायचंय."

"झालं! हे असं बोललात की माझी सात नकारपत्रं झाली तशी तुमचीही सुरू होतील."

अर्जात एक प्रश्न होता: तुम्ही परत याल याची हमी काय? तुहामीनं पुष्कळ विचार केला आणि लिहिलं: माझी हत्यारं इथे आहेत. बूश्तानं कपाळावर हात मारला, पण शाई वाळून गेली होती.

व्हिसा केंद्र नव्या शहरात होतं. तिथं पहिली पायरी बोटांच्या ठशांची. खिडकीतल्या पोरीनं काचेवर चार बोटं ठेवायला सांगितली. तुहामीनं ठेवली. लाल दिवा.

"काका, हात धुऊन या."

तो धुऊन आला. लाल दिवा. तिनं ओला रुमाल दिला, कोरडा रुमाल दिला, बोटं दाबून धरली, एकेक करून ठेवून पाहिली. दिवा लालच. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. शेवटी तिनं त्याचा हात आपल्याकडे ओढून बोटांची टोकं उजेडात धरली, आणि ती चपापली.

"काका, तुमच्या बोटांवर काहीच नाही हो."

खरंच नव्हतं. पंधराव्या वर्षापासून तो हात चुन्यात आणि ओल्या प्लास्टरमध्ये होता. कोरलेली नक्षी बोटाच्या टोकानं घासून गुळगुळीत करायची, हे त्याच्या घराण्याचं खास काम. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानं निम्मं फेझ गुळगुळीत केलं होतं, आणि फेझनं त्याची बोटं.

"मग याच हातांसाठी तर बोलावलंय मला," तो म्हणाला.

"ते खरं काका, पण यंत्राला ते कसं कळणार? चाळीस दिवस हाताला आराम द्या. काम नको, चुना नको, पाणीसुद्धा बेतानं. तेल लावा. रेषा परत येतात म्हणे."

म्हणजे कारागीर म्हणून जाण्यासाठी आधी कारागिरी सोडायची होती. तुहामीनं हत्यारं कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

पुढचे चाळीस दिवस गल्लीला करमणुकीची ददात पडली नाही. झहोर सकाळ-संध्याकाळ त्याच्या बोटांना कोमट ऑलिव्ह तेल चोळी आणि वर पांढरे सुती हातमोजे चढवी. लिंबू चिरायचं नाही, कोळसा उचलायचा नाही, हमाममध्ये अंग दुसऱ्यानं घासायचं. आमच्याकडे नवरीचे मेंदीचे लाड सात दिवस चालतात; याचे चाळीस दिवस चालले. भट्टीवरचा बेकर रोज ओरडून विचारी, "उस्ताद, वरात कधी?" पलीकडे राहणाऱ्या म्हातारीनं, लाला रकियानं, तर दारात येऊन आनंदाची किलकारीच मारली, लग्नात बायका मारतात तशी. शुक्रवारी सगळं घर एका परातीतून हातानं रव्याचं कुसकुस खाई आणि उस्ताद हातमोज्यात चमचा धरून बसे.

"एवढे लाड माझे बाळंतपणात नाही झाले," झहोर म्हणाली.

"तुला कुठं ठसे काढायचे होते?"

तो वरवर हसे, पण आतून पार कंटाळला होता. अठ्ठेचाळीस वर्षांत तो असा रिकामा कधी बसला नव्हता, आणि त्याला त्याची लाज वाटे. भिंतीत दिसलेला प्रत्येक पोपडा त्याला हाक मारी.

चौतिसाव्या दिवशी उजेडात अंगठा पाहताना त्याला एक बारीक रेघ दिसली. मग दुसरी. त्यानं बूश्ताचं भिंग आणवलं. अंगठ्यावर रेषा गोल गोल फिरत मध्यभागी शिरत होत्या. आजोबा घुमटाच्या टोकाला कोरायचे अगदी तशा. इतकी वर्षं हे आपल्याच हातावर होतं आणि आपण ते घासून काढत होतो! म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बोटावर पडू नये म्हणून झहोरनं घाईघाईनं ओढणीनं टिपलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी केंद्रात हिरवा दिवा लागला. पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "मबरूक, काका!" बूश्ता बाहेर सगळ्यांना सांगत होता की हा तेलाचा सल्ला मूळचा त्याचाच.

आठवड्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं; ठसे पुन्हा मागतील या भीतीनं हातमोजे तोवर उतरले नव्हते. जाड काचेपलीकडे एक तरुण साहेब बसला होता. चेहऱ्यावरून वाटत होतं की त्याला आज सकाळपासून सगळ्यांनी फसवलंय.

"व्यवसाय?"

"प्लास्टरमध्ये नक्षी कोरतो. पंधराव्या वर्षापासून."

"हात दाखवा."

तुहामीला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी अर्थाचं काहीतरी विचारलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यानं दोन्ही तळवे काचेला लावले. आणि लावताक्षणी त्याच्या ध्यानात आलं. गुलाबी, मऊ, तुकतुकीत हात. बोहल्यावरून उतरल्यासारखे.

"हे नक्षी कोरणाऱ्याचे हात?" साहेब म्हणाला.

"चाळीस दिवस तेल लावलंय, साहेब. तुमच्याच यंत्रासाठी."

"म्हणजे ठसे देण्यापूर्वी तुम्ही हातांत बदल केलात?"

"बदल नाही. आराम दिला. काम बंद ठेवलं."

"म्हणजे सध्या तुम्ही बेकार आहात."

"साहेब, मला सांगण्यात आलं होतं की—"

"सध्या काम करता का? हो की नाही?"

"नाही."

साहेबानं काहीतरी लिहिलं. "परत येण्याची हमी म्हणून तुम्ही हत्यारं लिहिलीयेत. ती वापरता?"

"सध्या माळ्यावर आहेत."

साहेबानं तेही लिहिलं. मग पहिल्यांदाच वर पाहिलं. "म्युझियमला आमच्याकडचा कारागीर का चालत नाही?"

बूश्तानं पढवलेलं सगळं तुहामी विसरला. "तो डूल माझ्या आजीचा आहे, साहेब," तो म्हणाला. "मला तो बघायचाय."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दहा दिवसांनी पाकीट आलं. छापील कागदावर दोन चौकोनांत फुल्या होत्या. अर्जदारानं सांगितलेल्या व्यवसायाबद्दल शंका आहे. आणि अर्जदार परत येईल असं वाटत नाही.

बूश्तानं कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि त्याला असूया लपवता आली नाही. "दुसरी फुली मला सातही वेळा आलीय. पण ही पहिली नवीन आहे, दाजी! ही कुणालाच आली नव्हती."

"बूश्त्या, ऊठ आणि चालता हो," झहोर म्हणाली. तुहामीनं माळ्यावरून हत्यारं काढली, कापड सोडलं, आणि नुसता त्यांच्याकडे बघत बसला. आजोबांवर हसणाऱ्यांत आता एक सरकारही सामील झालं होतं, आणि त्याला उत्तर द्यायला काच नसलेली खिडकी कुठेच नव्हती.

म्युझियममधल्या ज्या बाईंनी पत्र पाठवलं होतं, त्यांनी पुन्हा लिहून फार माफी मागितली. त्यांनी दुसरी वाट काढली: उस्ताद येऊ शकत नाहीत, तर तुकडे उस्तादांकडे जातील. पाच दिवसांत तुकड्यांचे कागद झाले. बाई स्वतः पेटीबरोबर आल्या. विमानतळावर त्यांच्या पासपोर्टवर शिक्का बसला, नव्वद दिवसांचा. त्या परत जाणार का, हे कुणी विचारलं नाही, आणि हात तर मुळीच बघितला नाही.

पेटी गाढवावरून गल्लीत आली. पेटीचे कागद बूश्तानं कोपऱ्यात बसून वाचले. अकरा तुकड्यांचे वेगवेगळे फोटो होते, विमा होता, परतीची तारीख होती.

"यांची मुलाखत?" त्यानं बाईंना विचारलं.

"नाही झाली."

"बोटांचे ठसे?"

"अहो, हे प्लास्टरचे तुकडे आहेत."

"आणि एकदाही नकार नाही?" बूश्तानं फोल्डर पोटाशी धरलं आणि पुढं काही विचारलं नाही.

तुहामीनं एकेक तुकडा पांढऱ्या चादरीवर मांडला. सातवा तुकडा आठव्याला लावला आणि तो थांबला. अर्धचंद्र. दोन थेंब. मध्ये मोकळी जागा. झहोर वाकली, तिनं उजव्या कानातला डूल काढला आणि नक्षीवर ठेवला. एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. दारात गर्दी केलेली गल्ली टाचा उंचावून बघू लागली. लाला रकियाच्या तोंडून यावेळी किलकारी निघाली नाही. ती नुसती "अल्लाह, अल्लाह" म्हणत राहिली.

"थाप नव्हती," झहोर म्हणाली. तिनं डूल परत कानात घालायला घेतला, पण तो तुहामीनं घातला.

पंधरा दिवसांचं काम तीन आठवडे चाललं. पहिल्याच दिवशी मऊ हातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, आणि आठवड्याभरात त्या हातांना कुणी बेकार म्हटलं नसतं. शेवटच्या दिवशी जोडलेल्या कोपऱ्याच्या पाठीवर त्यानं ओल्या प्लास्टरचा जाड थर दिला. ही बाजू छताला चिकटणार, कुणाला कधी दिसणार नाही. थर घट्ट व्हायच्या आत त्यानं दोन्ही हातांची दहा बोटं त्यात दाबली आणि दहा मोजेपर्यंत तशीच धरून ठेवली. जेवढ्या रेषा उरल्या होत्या तेवढ्या त्यात उमटल्या. बाईंनी पाहिलं, आणि खिडकीकडे तोंड वळवून त्या बाहेरचं गाढव निरखू लागल्या.

बूश्ता मात्र हादरला. "दाजी! अहो, तुमचे ठसे तिकडे बेकायदा राहणार!"

"राहू देत," तुहामीनं हात पुसत म्हटलं. "आजी शंभर वर्षं राहतेय. तिला कुठं कुणी पकडलं?"