पाळण्यापाशी थांबलेली तलवार

मी एक जुनी लाकडी तलवार आहे. मित्रांनो, तुम्ही मला शोधायला ओमानमधल्या सीबला माहनूरच्या घरी गेलात, तर तिथे तलवार काही सापडणार नाही. ती कुठे गेली, ते शेवटी सांगते. थोडा धीर धरा.

माझा जन्म हापूसच्या पेटीतून झाला. माहनूरचे अब्बा सिराज मूळचे रत्नागिरीचे. सीबच्या जुन्या बाजारात त्यांचे फळांचे दुकान आहे. आंबे संपले तशी त्यांनी पेटी मोडली, दोन फळ्या जोडून मला घडवले आणि वर चंदेरी कागद चढवला. माझी ऐट काय सांगू! कालपर्यंत आंबे वाहणारी मी आता फ्रान्सच्या सरदाराच्या कमरेला लटकणार होते.

झाले असे, की मस्कतच्या कुरुम भागात श्यामलाताई मराठी मुलांचे नाटक बसवत होत्या. गोष्ट युरोपातली, शेकडो वर्षांपूर्वीची. गिनफोर नावाचा शिकारी कुत्रा सरदाराच्या तान्ह्या बाळाची राखण करत होता. पाळण्याकडे साप आला आणि कुत्र्याने त्याला फाडून काढले. त्या झटापटीत पाळणा उलटला. सरदार घरात आला, तर कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले. त्याने तलवार उपसली आणि कुत्र्याला ठार केले. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप दिसले आणि शेजारी मेलेला साप. पुढे आया आपली आजारी लेकरे घेऊन त्या कुत्र्याच्या थडग्याशी येत, अशी दंतकथा आहे. माहनूरची आई खुदेजा म्हणाली, आमच्याकडे हीच गोष्ट मुंगसाची सांगतात.

माहनूर सरदार झाली आणि तिची जिवलग मैत्रीण सावनी कुत्रा. सावनी फार कमी बोलायची. कोणी रागावले तर तिची वाचाच बसायची. कुत्र्याला एकही वाक्य नाही, म्हणून ती खूश होती. सरावात मी तिच्या पाठीला हलकेच टेकायची आणि दोघी खुदुखुदु हसायच्या. मला ते दिवस फार आवडत.

एका शुक्रवारी सराव माहनूरच्या घरी होता. खुदेजा ओमानी शेजारणीकडून कपड्यांना बखूरची धुरी द्यायला शिकली होती. निखाऱ्यांवर सुगंधी बखूर टाकायचे, धुपाटणे जमिनीवर ठेवायचे आणि वरच्या लाकडी घोडीवर कपडे पसरायचे. त्या दिवशी सरदाराच्या झग्याला धुरी देऊन झाली. तो माहनूरला घालून बघायला खुदेजा आत गेली आणि धुपाटणे तिथेच राहिले. माहनूरचा धाकटा भाऊ उजैर नुकताच चालू लागला होता. तो थेट निखाऱ्यांकडे निघाला.

मी भिंतीला टेकून उभी होते. मी सगळे पाहिले. सरावाला आलेल्या सावनीने एका हाताने उजैरला मागे ओढले आणि दुसऱ्या हाताने धुपाटणे दूर लोटले. ते उलटले, गालिचा करपला, उजैरने भोकाड पसरले. माहनूर धावत आली. तिला दिसला रडणारा भाऊ, त्याच्या दंडावरचा लाल वळ आणि राखेने माखलेली सावनी.

"किती केअरलेस आहेस तू! उजैर भाजला असता. आमच्या घरी परत येऊ नकोस."

 उजवी मूठ घट्ट मिटून सावनी निघून गेली. मित्रांनो, समुद्रापलीकडून मी आंबे न चेपता आणले, पण एवढी एक गोष्ट मला सांगता आली नाही. फार वाईट वाटले.

पुढच्या सरावाला सावनी पंज्यांचे तपकिरी मोजे घरूनच घालून आली. दोघी एकमेकींकडे बघेनात. मी तिच्या पाठीत बसले ती चांगली जोरात. मला माझीच लाज वाटली.

नाटकाचा दिवस आला. उलटलेल्या पाळण्याजवळ सावनी मान खाली घालून बसली होती. माहनूरने मला उगारले. तेवढ्यात सावनीच्या हातावरचा मोजा सरकला. तळहातावर भाजल्याचा डाग होता, धुपाटण्याच्या कडेसारखा अर्धगोल. माहनूर जागच्या जागी थिजली. विंगेतून श्यामलाताई कुजबुजत होत्या, मार ना, मार ना. मी वरच थांबून राहिले.

मग माहनूरने मला खाली ठेवले, गुडघे टेकले आणि तो हात हातात घेतला.

"उजैरला तू वाचवलंस? मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस," सावनी म्हणाली.

माहनूर सर्वांदेखत रडली. लोकांना वाटले नाटकच असे आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी श्यामलाताईंनी पुढे येऊन सांगितले, की मूळ गोष्टीतला सरदार थांबला नव्हता.

त्यानंतर मी चपलांच्या कपाटामागे धूळ खात पडले. माझा कागद सोलून निघाला. पण खुदेजाच्या मनातून ते धुपाटणे जात नव्हते. तिने सिराजना भिंतीवर उंच फळी ठोकायला सांगितली. त्यांनी मला शोधून काढले, माझी मूठ कापली आणि मला आडवे ठोकले. आता धुपाटणे माझ्यावर असते. उजैर टाचा उंचावतो, पण त्याचा हात पोचत नाही. शुक्रवारी बखूर जळते, सावनी येते आणि खाली दोघींची बडबड चालते. हो, सावनीचीसुद्धा.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, त्यांना नवे काम द्या. आणि राग येऊन कधी हात उगारलाच, तर तो तसाच वर धरून आधी समोरच्याला विचारा. गिनफोरला कोणी विचारले नव्हते.