नंतरचा हात

छकुलीची कातडी जन्मापासूनच कोरडी. साधीसुधी नाही, हातापायांवर आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा, आणि कपडे झटकले की पांढरा भुगा. हे रक्तातूनच आलंय, जाणार नाही, तेलपाणी करत राहा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. ती दोन वर्षांची असताना बाप बाहेरगावी कामाला म्हणून गेला, तो गेलाच.

आई क्रीमच्या कारखान्यात लागली ती याच वेड्या आशेनं. जिथे क्रीम बनतं तिथे काहीतरी इलाज असेलच की! तिच्याकडे वाफेची टाकी आली. हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सरकीचं तेल पोत्यांतून मेणाच्या तुकड्यांसारखं यायचं. ते टाकीत ओतायचं, वितळून पातळ झालं की पुढच्या टाकीत सोडायचं; तिथे त्यात पाणी आणि सुगंध घुसळला जायचा. 'वनस्पती तुपाचा शिकून साहेब झालेला भाऊ,' असं बायका त्या तेलाला हसून म्हणायच्या.

केमिस्टबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. "ताई, हे औषध नाही हो. कातडीवर बसतं, आतली ओल उडू देत नाही, हात मऊ लागतो. धुतलं की गेलं." पण बाई मनानं चांगल्या. बिनवासाचं क्रीम डबीभर घरी न्यायला त्यांनी कधी ना म्हटलं नाही. छकुली कॉलेजात जायला लागली तरी रोज संध्याकाळी आई तिला समोर बसवायची आणि खांद्यापासून बोटांपर्यंत ते चोळायची. तेवढा वेळ दोघी खूप बोलायच्या. कॉलेजातली भांडणं, कोण कुणाच्या मागे लागलंय, सगळं. छकुली म्हणायची, "आई, माझ्या नवऱ्याला तुझ्याकडे शिकायला पाठवीन." आई म्हणायची, "आधी मिळू दे तर!"

मग कारखान्यात जाहिरातवाला आला. त्याला खरीखुरी कोरडी कातडी हवी होती. कुणीतरी छकुलीचं नाव सुचवलं.

"फक्त हात दिसेल, चेहरा नाही," तो म्हणाला. "आधीचा एक फोटो, महिनाभर क्रीम लावल्यावर नंतरचा एक."

आईचं मन होईना. छकुलीच हट्टाला पेटली. "आई, त्यांचं हे नवीन क्रीम आहे. काय सांगावं, गुण येईलही."

आईला केमिस्टबाईंचे शब्द आठवले. पण पोरीचे डोळे असे चमकत होते की ते शब्द तिच्या ओठांवर येईनात.

महिनाभर छकुलीनं ते क्रीम नेमानं लावलं. हात थोडा मऊ झाला, भेगा मात्र जागच्या जागी. दुसऱ्या फोटोच्या दिवशी तिनं नवा ड्रेस घातला, फक्त हात दिसणार असूनही. फोटोग्राफरनं हात उलटसुलट करून पाहिला, दोन-तीन फोटो काढले आणि म्हणाला, "झालं."

फलक लागला तो थेट बसस्टॉपसमोर. डावीकडे छकुलीचा हात, कोपराजवळचा तिचा लहानपणीचा भाजल्याचा व्रण स्पष्ट दिसणारा. खाली लिहिलेलं, 'आधी'. उजवीकडे 'नंतर' म्हणून एक गोरागोमटा, तुळतुळीत हात. तो कुणाचा होता देव जाणे. पण त्याच्याही कोपराजवळ तस्साच व्रण रंगवलेला होता.

व्रणावरून सगळ्यांनी ओळखलं. शेजारीपाजारी, मैत्रिणी, बसमधले लोक, सगळ्यांना आनंदच झाला, हीच तर खरी पंचाईत. "अगं, बरी झालीस! बघू बघू!" म्हणत ते हौसेनं तिची बाही वर सरकवायचे. आणि मग त्यांचे चेहरे पडायचे. एका मैत्रिणीच्या आईनं तर तोंडावरच विचारलं, "लोकांना फसवायला लाज नाही वाटली गं?"

छकुलीनं आधी बस सोडली, मग कॉलेज.

आई जाहिरातवाल्याकडे गेली. "फलक काढा. पोरगी घराबाहेर पडेना झालीय."

"ताई, तो हात तिचाच आहे असं आम्ही कुठे म्हटलंय?"

"मग तो व्रण?"

तो हसला. "अहो, लोकांना पटायला नको का?"

आई केमिस्टबाईंकडे गेली. बाईंनी नजर खिडकीकडे वळवली. "माझ्या हातात फक्त तेल किती अन् पाणी किती एवढंच असतं हो," त्या म्हणाल्या.

पुढे फलक बदलला, तिथे कुठल्याशा पंख्याची जाहिरात आली. आई धावतच घरी आली. "छकुले, गेला बघ तो!"

छकुली भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई डबी उघडून तिच्याजवळ बसली, तिनं तिचा हात हातात घेतला. छकुलीनं तो काढून घेतला.

"नको आता."

"अगं, रक्त येतंय इथून. थोडंसं लावते."

"तुला माहीत होतं ना, काही होणार नाही ते?"

आईला खोटं बोलता आलं नाही. "हो," ती म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

त्यानंतर छकुलीनं तिला कधी हात लावू दिला नाही. थंडी पडली. टाचा उलल्या, बोटांची पेरं फाटली. ती घरातल्या घरात पायाच्या कडेवर चालायची आणि आईनं काही विचारलं की हं किंवा नाही एवढंच म्हणायची. आई रोज कामावर जायची, पोती फोडायची, तेल वितळवायची. दुसरं करणार तरी काय?

एका सकाळी ती निघताना नुकतीच राहायला आलेली शेजारीण दारात आली. "ताई, तुमच्या कारखान्यातलं ते क्रीम, फलकावर होतं बघा. माझ्या सुनेचे हात फार फुटलेत. एखादी ट्यूब आणाल का?"

आतल्या खोलीत छकुली जागी होती. दार सताड उघडं होतं.

आईनं चपला पायात सरकवल्या. "आणते," ती म्हणाली आणि मान खाली घालून जिना उतरली.