वाढलेली ओळ

"बारीक खिळ्यांत बसवा म्हणालेत मालक," फोरमनने कागद पुढे सरकवला. "नवा कायदा आलाय. बाटलीत काय आहे ते छापायचं. तुमच्या बाळसिरपाला एक ओळ वाढली."

जुळाऱ्याने कागद नीट वाचलाच नाही. एकोणीस वर्षं तो छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे लावून हेच लेबल जुळवत होता. 'बाळ शांत झोपेल, आईला विसावा मिळेल.' हात आपसूक चालत. अक्षर आधी बोटांना कळे, अर्थ मागाहून येई. 'यात', मग 'अफूचा', मग 'अर्क'. पुढच्या शब्दाला हात खिळ्यांतच राहिला.

यंत्राचा आवाज लांब गेल्यासारखा वाटला. समोर ती दुपार आली. सोळा वर्षांपूर्वीची.

मुलगी आठ महिन्यांची. दात येत होते, सारखी किरकिर. तीन दिवस बायकोच्या पापणीला पापणी लागली नव्हती. छापखान्यात नमुन्याच्या बाटल्या आल्या होत्या, त्यातली एक त्यानेच घरी नेली. "फुकटची आहे, देऊन तर बघ," म्हणाला. दुसऱ्या दिवशी लवकर सुटला. घरी आला तर पडदा हलत होता, भिंतीवर ऊन पाण्यासारखं डुलत होतं आणि मायलेकी शेजारी शेजारी निजल्या होत्या. जाग येऊ नये म्हणून त्याने चपला दाराबाहेर काढल्या. पायथ्याशी बसून कितीतरी वेळ बघत राहिला. इतकं शांत घर त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी उठलीच नाही.

"मला डोळा लागला," बायको एवढंच म्हणत राहिली. तेव्हा तो एकदाच बोलून गेला, "शेजारी होतीस, तुला जाग कशी आली नाही?" पुन्हा कधी बोलला नाही. तीही पुन्हा कधी दुपारची आडवी झाली नाही. सहा महिन्यांपूर्वी दवाखान्यात, अगदी शेवटी, म्हणाली, "मी जागी असते तर आज सोळाची असती ती." तो म्हणाला, "जाऊ दे आता." तिने मान भिंतीकडे वळवली.

"अहो, डुलकी लागली का?" फोरमन हसला. "का तुम्हीच चमचाभर घेतलंत?"

"बारीक खिळे झिजलेत," जुळारी म्हणाला. "जाड्यात बसवतो."

"कालच तर वापरलेत. मालक माझी सालटी काढतील."

"माझं नाव सांगा."

फोरमनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो पलीकडच्या यंत्राकडे गेला.

जुळाऱ्याने सगळ्यात जाड खिळे घेतले. ओळ पुरी केली, शाई लावली, कागद दाबून उचलला. अक्षरं सुलटी झाली होती, लांबूनही वाचता येत होती.

आता ती प्रत्येक बाटलीवर जाणार होती, प्रत्येक घरात. ज्या एका बाईला ती वाचून दाखवायची होती, तिला "तुझी चूक नव्हती गं" म्हणायचं राहून गेलं.