काफिल्याची हजेरी

भाऊराव गुरुजींना शब्दांचं वेड होतं आणि त्या वेडाची झळ वरवट बकाल गावात प्रत्येकाला बसलेली होती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्याला 'पंगत' शब्द कुठून आला ते सांगायचे, आणि त्या बिचाऱ्याचं वरण पानातच थंड व्हायचं. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती. तरी ऐकणारा भेटला की गुरुजींचा वर्ग भरलाच म्हणून समजा.

त्या रविवारी गावच्या बुद्धविहाराच्या सहलीची, ड्रायव्हर धरून सतरा माणसं अजिंठ्याची लेणी पाहून परतत होती. दोन क्रूझर गाड्या होत्या, पुढच्या गाडीत पुरुष, मागच्या गाडीत बाया. सगळी व्यवस्था गुरुजींकडे आणि हजेरीची वहीही त्यांच्याकडेच. गाडी कुठेही थांबली की निघताना ते वहीतून एकेका घरच्या कर्त्याचं नाव घ्यायचे आणि तो "तीन" नाहीतर "दोन" असं ओरडायचा. माणूस माणूस मोजत बसण्यापेक्षा हे झटपट उरकतं, असं त्यांचं म्हणणं.

बुलढाण्याच्या बाहेर, घाट लागायच्या आधी, एका हॉटेलात चहा झाला. रवी ड्रायव्हर सहज बोलून गेला, "मोठा काफिला हाय आपला, गुरुजी."

झालं! गुरुजींनी कप खाली ठेवला.

"काफिला म्हंजे काय, ठाऊक हाय का? अरबी शब्द हाय तो. त्याचं मूळ हाय परत येणं. वाळवंटात गेलेला मानूस वापस येईन याचा भरोसा नव्हता. म्हून निघतानाच शुभ बोलाचं. जानाऱ्यायले म्हनाचं परतनारे!"

"वा गुरुजी," रवी म्हणाला आणि किल्ली घ्यायला उठला.

गुरुजी खूश झाले. त्याच खुशीत त्यांनी हजेरी घेतली, सगळी घरं बोलली, गाड्या सुटल्या. घाट उतरून मोताळा येईपर्यंत त्यांचं तोंड बंद नव्हतं. शेवटी घसा कोरडा पडला, तेव्हा बीपीच्या गोळीची आठवण झाली. गोळ्या बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या पिशवीत. रवीने गाडी कडेला घेतली, मागची गाडीही थांबली, आणि गुरुजींनी तिच्या खिडकीत हात घातला.

"गोळी दे वं."

महामायाबाईंनी डोकं बाहेर काढलं. "काकू तं तुमच्या गाडीत हायत ना? 'यायच्या गोळीचा टाइम झाला, मी पुढंच बसतो,' असं म्हने त्या."

गुरुजींनी घाईघाईने फोन लावला. अन्नपूर्णाबाईंचा फोन गुरुजींच्याच खिशात वाजला. चार्जिंगला लावायला म्हणून सकाळी त्यांनीच तो घेतला होता. एरवी सगळे हसले असते, पण आता कुणी हसलं नाही.

त्यांनी वही उघडली. सात घरं, सात नावं. आठवं घर त्यांचं स्वतःचं, ते वहीत नव्हतंच. चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, पण हजेरी घेणाऱ्याचं नाव हजेरीत कधी नसायचं. बाईंना शुगर होती, जवळ फोन नाही, कुणाचा नंबर पाठ नाही. भीती वाटत होतीच, पण लाज त्याहून जास्त वाटत होती.

"तुमी जा घरी," ते म्हणाले. "लेकरं वाट पाहून राह्यले असतीन. मी येस्टीनं जातो मांगं."

"काऊन?" रवी म्हणाला. "परतनारे आहोत ना आपन? तुमीच तं सांगतलं." त्याने गाडी वळवली. मागची गाडीही वळली.

घाट चढताना गुरुजी प्रत्येक वळणावर पुढे वाकून रस्ता बघत होते.

अन्नपूर्णाबाई हॉटेलच्या बाकावर बसून मालकिणीला मेथी निवडू लागत होत्या. डोळे सुजलेले होते.

"मोरीकडं गेलती," त्या म्हणाल्या. "आली तं गाड्या नाई. रडून घेतलं म्या. आता काई नाई."

"माह्यी चूक झाली," गुरुजी म्हणाले. सगळ्यांच्या देखत म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला. गुरुजींना वाटलं, फोन मागते आहे. त्यांनी फोन दिला. तो बाईंनी पिशवीत टाकला आणि हात तसाच पुढे ठेवला. मग गुरुजींना कळलं आणि त्यांनी वही दिली.

बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. काखेत धरून त्या दोन गाड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि एकेका माणसाचं नाव घेऊ लागल्या. रवी. महामाया. समता. जीवन. दिवसभरात ज्यांची नावं एकदाही कुणी पुकारली नव्हती, त्या बाया खिडकीतून "हाव" म्हणत होत्या. "अन्नपूर्णा," त्या म्हणाल्या आणि "हाव" असं स्वतःच उत्तर दिलं. सोळा झाले.

मग त्या थांबल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांनी फक्त एकदा, लग्नात उखाण्यात घेतलं होतं.

"भाऊराव," त्यांनी मोठ्याने पुकारलं.

गुरुजी ताठ उभे राहिले.

"हजर," ते म्हणाले.